हरित पायाभूत रचना (खानदेशातील शहरी पूरनियंत्रण)

पावसाचे पाणी पडेल तिथेच अडवणे, मुरवणे आणि उरलेले सावकाश पुढे सोडणे यासाठी माती, झाडे, गवत व खोलगट जागा यांची केलेली आखणी म्हणजे हरित पायाभूत रचना. पर्जन्यबागा (पाणी मुरवण्यासाठी रोपे लावलेले खोलगट खड्डे), गवताच्या चाऱ्या, पाणी झिरपू देणारी फरसबंदी, साठवण तळी आणि नाल्याकाठचे मोकळे पट्टे हे तिचे मुख्य प्रकार. चीनने 2015 पासून निवडक शहरांत ‘स्पंज शहर’ या नावाने असे प्रयोग सुरू केले.

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या बऱ्याच भागात पाऊस बेताचा, पण तो मोजक्या दिवसांत जोरात कोसळतो. 100 चौरस मीटरच्या गच्चीवर 50 मिलिमीटर पाऊस झाला की 5,000 लिटर पाणी जमते. हे पाणी पन्हाळीतून थेट काँक्रीटच्या रस्त्यावर आणि तिथून गटारीत जाते. सगळ्या घरांचे एकाच वेळी आले की गटार तुंबते आणि सखल कॉलनी पाण्यात जाते. ज्या गावांत नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथेच हे घडते.

खानदेशात या कामाचे यश मातीवर ठरते. तापीच्या खोऱ्यातील काळी कपाशीची माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिले पाऊस गटागटा पिते. मात्र तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणखनिज भिजले की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वरच साचते. गावाबाहेरचे बरेच नवे बिनशेती लेआउट अशाच शेतांवर उभे राहिले आहेत. तिथे नुसता खड्डा खणून रोपे लावली तर पर्जन्यबाग होत नाही, डबके होते. काळा थर ओलांडून मुरमापर्यंत खोदावे लागते आणि खड्डा दगडगोटे, खडी व वाळू यांनी भरावा लागतो. मुरूम फार खोल असेल तर तळाशी छिद्रांचा पाइप टाकून जादा पाणी नाल्याला जोडतात. यावल-रावेरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे व वाळूचे थर आहेत. ते पाणी चटकन पितात, त्यामुळे तिथे हेच काम बरेच सोपे होते.

सर्वांत हाताशी असलेली जागा म्हणजे लेआउटमधला ‘ओपन स्पेस’. बहुतेक ठिकाणी तो भराव टाकून उंच करतात, भोवती भिंत घालतात आणि पेव्हर ब्लॉक बसवतात. म्हणजे पाणी घेऊ शकणारी जागाच पाणी रस्त्यावर ढकलू लागते. तो रस्त्यापेक्षा फूटभर खाली ठेवला आणि कडेच्या दगडांत पाण्याला वाटा ठेवल्या, तर मुले एरवी तिथे खेळतील आणि जोराच्या पावसात तो काही तास तळ्याचे काम करील. नव्या बागांवर खर्च करण्याआधी हे करावे आणि उघडे नाले स्लॅबखाली गाडणे थांबवावे. जळगावच्या मेहरूणसारखे तलाव शहरांकडे आहेतच. त्यांच्याकडे येणारे ओहोळ मोकळे राहिले पाहिजेत.

रोपे दोन्ही टोकांची सोशीक हवीत: पावसाळ्यात पाण्यात उभी राहणारी आणि मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात टिकणारी. वाळा, करंज, जांभूळ, उंबर चालतात. शोभेचे लॉन चालत नाही. खानदेशातील धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरांना हिरव्या छताचे पूर्वज म्हणण्याचा मोह होतो, पण धाब्यावर खारी माती घालतात ती पाणी आत झिरपू नये म्हणून.

नदीचा पूर या उपायांनी थांबत नाही. 31 ऑगस्ट 2021 रोजी तितूर व डोंगरी या नद्यांचे पाणी चाळीसगावात शिरले, तेव्हा पाणलोटातच अतिवृष्टी झाली होती. अशा पुरासाठी निळी व लाल पूररेषा पाळणे, म्हणजे अनुक्रमे 25 व 100 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची जागा नदीला सोडणे, हाच खरा उपाय.

देखभालीत हयगय झाली की रचना दोन-तीन पावसाळ्यांत निकामी होते. काळ्या मातीचा बारीक गाळ फरसबंदीच्या सांध्यांत आणि खडीच्या थरात बसतो. तो दर वर्षी मृगाआधी काढावा लागतो. पाऊस थांबल्यावर 48 तासांत पाणी उतरले पाहिजे. त्याहून जास्त काळ ते साचू लागले तर गाळणीचा थर तुंबला असे समजून तो उकरून बदलतात, कारण आठवडाभर पाणी उभे राहिले तर त्यात डेंग्यूचे डास तयार होऊ शकतात.