पेशी काहीच विसरत नाही

त्वचेच्या पेशीत आणि डोळ्याच्या पेशीत जनुकांचा संच एकच असतो, रक्तातले काही अपवाद सोडले तर. आज हे आपण सहज बोलून जातो. पण ते सिद्ध व्हायला पाऊणशे वर्षं लागली.

आधी पेशी दुभागताना दिसायला हवी होती. जर्मनीत कील इथे वाल्टर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या पिल्लांच्या पेशी निवडल्या, कारण त्या मोठ्या असतात. रंग चढवल्यावर केंद्रकातले धागे उठून दिसले, आणि ते उभे चिरले जातात हे त्यांनी १८८२च्या ग्रंथात मांडलं.

मग या धाग्यांतल्या वारशाची वाटणी सारखी होते का? आउगुस्ट वाइसमान म्हणत, नाही. शरीरातल्या पेशीला वारशाचा तुकडाच मिळतो, म्हणून कुणी स्नायू होते, कुणी चेतापेशी. १८८८मध्ये विल्हेल्म रू यांनी बेडकाच्या दोन पेशींच्या भ्रूणातली एक तापल्या सुईने मारली. उरलेलीतून अर्धाच भ्रूण वाढला. प्रश्न मिटल्यासारखा वाटला. पण १८९१मध्ये हान्स ड्रीश यांनी सी अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या भ्रूणाच्या दोन पेशी खळखळून हलवून सुट्या केल्या. सकाळी अर्धे जीव दिसतील अशी अपेक्षा होती; दिसले ते लहान, पण पुरे! रू यांच्या प्रयोगात मेलेली पेशी शेजारीच चिकटून होती, म्हणून जिवंत पेशी अर्धीच वाढली, आणि माझ्या मते या साऱ्या कथेतला सगळ्यांत शिकण्यासारखा मुद्दा हाच आहे.

तरी या झाल्या कोवळ्या पेशी. पक्क्या पेशीचं काय? ऑक्सफर्डमध्ये जॉन गर्डन यांनी झेनोपस बेडकाच्या टॅडपोलच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक घेतलं आणि केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात घातलं. बहुतेक अंडी वाया गेली, मोजक्यांतून धडधाकट टॅडपोल निघाले. हा शोधनिबंध १९६२चा. यश थोडं म्हणून अनेकांनी शंका घेतली. पण असा एक जीव जगला तरी आतड्याच्या पेशीनं काही गमावलेलं नाही हे ठरतंच.

म्हणजे फरक जनुकांत नाही, कोणती चालू आणि कोणती बंद यात आहे. क्योटोत शिन्या यामानाका यांनी २४ जनुकांतून निवडलेली चारच उंदराच्या त्वचेखालच्या पेशींत घातली आणि त्या पुन्हा मूलपेशींसारख्या, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकतील अशा, झाल्या. ते २००६ साल. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींतही हे साधलं. २०१२चं नोबेल गर्डन आणि यामानाका यांना मिळून मिळालं.

२०१४मध्ये जपानात कोबे इथे सत्तरीतल्या एका बाईंच्या डोळ्यात, दृष्टिपटलाखाली, एक पातळ थर बसवला गेला. तो त्यांच्याच त्वचेच्या पेशींपासून वाढवलेला होता.