खोली नंबर नऊ आणि १९७१ चे बेपत्ता जवान

परवा नौपाड्यात आमच्या चाळीच्या रिडेव्हलपमेंटची मीटिंग होती. एरिया, कॉर्पस, पार्किंग, नेहमीचीच भांडणं चालू होती, आणि मधेच पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी हात वर करून विचारलं की टॉवर झाला तरी पत्त्यात चाळीचं जुनं नाव आणि खोली नंबर नऊ राहील ना. बिल्डरचा माणूस हसला, त्याला वाटलं म्हातारीचा हट्ट. चाळीतलं कोणी हसलं नाही. काकूंचे धाकटे दीर डिसेंबर १९७१ च्या पाकिस्तानबरोबरच्या युद्धात जम्मूच्या सीमेवर छांबमध्ये होते, तार आली ती 'बेपत्ता' अशी, आणि मिलिटरीच्या रेकॉर्डमध्ये घरचा पत्ता आहे तो खोली नंबर नऊचा. नंतर जिन्यात पोरांनी विचारलं की पन्नास वर्षांत काहीच कसं कळलं नाही, म्हणून हे जरा मागचं सांगतो.

युद्ध ३ डिसेंबरला सुरू झालं आणि १६ ला ढाक्यात शरणागती झाली. आपल्या डोक्यात पक्कं बसलंय ते त्या ९३ हजार पाकिस्तानी कैद्यांचं चित्र, पण पश्चिम आघाडीची कथा वेगळी होती. छांबमध्ये आपल्याला मुनव्वर तवी नदीच्या अलीकडे यावं लागलं, आणि जी जागा सोडून मागे यावं लागतं तिथे कोण पडलं, कोण पकडलं गेलं, कोण जखमी होऊन शेतात राहिलं याची मोजदाद कोण करणार? वैमानिकांचं तर आणखी अवघड, विमान पलीकडे पडलं की उडी मारली का नाही हे बघायला आपलं कोणीच नसतं.

आपल्या मराठी घरांना जवळचं नाव म्हणजे फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे. ५ डिसेंबरला त्यांचं सुखोई विमान पाकिस्तानातल्या शोरकोटवर पडलं. त्याच सुमारास तिकडच्या एका इंग्रजी पेपरात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी आली आणि त्यात 'टॉम्बे' असं नाव छापलं होतं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं, आणि त्या एका चुकीच्या स्पेलिंगच्या मागे त्यांनी पुढचं आयुष्य घातलं. मेजर ए. के. घोष यांच्या घरच्यांना तर 'टाइम' मासिकाच्या २७ डिसेंबर १९७१ च्या अंकात गजाआडचा एक फोटो दिसला आणि तो आपलाच माणूस म्हणून त्यांनी ओळखला.

मग सुटले कोण? १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे पकडलेल्याचं नाव रेड क्रॉसमार्फत कळवायचं असतं, आणि सगळी देवाणघेवाण त्या नावांवर चालते. म्हणजे ज्याचं नाव समोरच्यानं कळवलंच नाही तो कागदावर कैदीच नाही. १ डिसेंबर १९७२ ला वाघ्यावरून आपले सहाशेच्या वर जवान परत आले. पुण्याचे दिलीप परुळकर, जे त्याच ऑगस्टमध्ये रावळपिंडीच्या कॅम्पमधून दोघा साथीदारांबरोबर भिंत फोडून पळाले आणि अफगाण सीमेच्या अलीकडे लंडी कोतलजवळ पुन्हा सापडले, तेसुद्धा घरी आले. तांबे नाही आले.

आता ते नेहमी ऐकू येणारं 'सिमल्यात ९३ हजार सोडले आणि आपले विसरले' वालं वाक्य. मला ते अर्धवट वाटतं, कारण जुलै १९७२ च्या सिमला करारात कैद्यांच्या सुटकेबद्दल पुढे बोलू एवढंच होतं, त्यांना सोडायचं ठरलं ते ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारात आणि शेवटची तुकडी गेली एप्रिल १९७४ मध्ये. खरी गोम पुढे आहे. मेजर अशोक सुरी यांना मृत धरलं होतं, आणि त्यांच्या वडिलांच्या हातात मुलाच्या अक्षरातली पहिली चिठ्ठी पडली डिसेंबर १९७४ च्या शेवटी! दुसरी ७५ साली, कराचीहून, त्यात आम्ही इथे वीस अधिकारी आहोत असं. अक्षर तपासलं, जुळलं, कागदावर 'मृत' चं 'बेपत्ता' झालं. पण तोवर बदल्यात द्यायला आपल्याकडे कैदी उरलेच नव्हते, मग बोलणार कशाच्या जोरावर.

त्यानंतर नुसत्या याद्या. १९७९ मध्ये लोकसभेत पाकिस्तानात असल्याचं मानलेल्या आपल्या माणसांची चाळीस नावं सांगितली गेली, पुढे आकडा ५४ वर गेला. १९८३ ला काही नातेवाईक मुलतानच्या तुरुंगापर्यंत जाऊन आले, २००७ च्या जूनमध्ये चौदा जण तिकडचे तुरुंग फिरले, रिकाम्या हातानं परतले. २००८ च्या करारामुळे दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. २०१९ मध्ये आपल्या सरकारनं संसदेत बेपत्ता लष्करी माणसं ८३ सांगितली, ते ५४ धरून. पाकिस्तान म्हणतं आमच्याकडे असं कोणीच नाही.

काकूंच्या दिरांचं नाव ५४ मध्ये नाही. काकूंच्या सासऱ्यांनी लिहिलेल्या पत्रांच्या कार्बन कॉपी पत्र्याच्या ट्रंकेत आहेत, निळ्या शाईचे डाग पडलेल्या, उत्तरं बहुतेक एकाच छापाची. सात वर्षं पत्ता नसेल तर कायद्यानं माणूस मेला असं धरता येतं, त्या अर्जावर सासूबाईंनी अंगठा द्यायला साफ नकार दिला, एका ऑफिसातला क्लार्क म्हणे वैतागून म्हणाला आजी पैसे मिळतील. त्या म्हणाल्या, मी मेल्यावर काय ते करा. त्या ९१ साली गेल्या, अर्ज अजून कोराच आहे.

मीटिंगच्या मिनिट्समध्ये सेक्रेटरींनी लिहून घेतलंय की नवीन बिल्डिंगमध्ये खाली टपालपेट्या लावताना एकीवर जुनं नाव आणि नंबर नऊ टाकायचा. चाळ पाडल्यावर काकू भाड्यानं कळव्याला जाणार. तेवढी तीन वर्षं पोस्टमननं टपाल कुठे टाकायचं, ते मात्र अजून ठरलेलं नाही.