मॅनहोलच्या झाकणाला दाराचा मॅग्नेट सेन्सर पुरत नाही

मॅनहोलचं झाकण कुणी उघडलं की अलार्म वाजावा म्हणून ‘दाराला लावतो तोच मॅग्नेट सेन्सर झाकणाखाली बसवा, झालं काम’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. ओतीव लोखंड चुंबकाचं क्षेत्र ओढून घेतं, त्यामुळे सेन्सरमधला चुंबकावर चालणारा स्विच भरवशाचा राहत नाही. त्यात ट्रक गेला की झाकण हलतं, खोटा अलार्म वाजतो. चार रात्री वाजला की कर्मचारी तो बंदच करतात, आणि खरा धोका इथेच आहे.

झाकणाच्या पोटाला कल मोजणारा सेन्सर घट्ट बोल्टने बसवा. कल 15 अंशांहून जास्त, सलग 3 सेकंद टिकला तरच अलार्म, इथून सुरुवात करून जागेवर आकडे जुळवा. सेन्सरचा डबा आयपी68, म्हणजे पाण्यात बुडाला तरी आत पाणी न शिरणारा, हवा; पावसाळ्यात चेंबर भरतोच. गटारात मिथेन असतो, म्हणून ठिणगी न पडणारं प्रमाणित उपकरणच घ्या. लोखंडाखाली सिग्नल मरतो: अँटेना झाकणाच्या छिद्रात, पृष्ठभागाशी सपाट बसवा.