कॉइन घेतलेल्या ग्राहकांसाठी: स्क्रीनशॉट नको, पूर्ण हिस्ट्री आणा

गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यामुळे विटा-खानापूरची माणसं देशभर पसरली आहेत. त्यांच्या आयकर रिटर्नची कागदपत्रं कुठल्या कुठल्या गावांहून, रिटर्न भरून देणाऱ्या आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर येतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण अलीकडे त्यात बिटकॉइनसारख्या क्रिप्टो कॉइनच्या ॲपचा एक स्क्रीनशॉट असतो. वर हिरवा किंवा लाल आकडा, खाली निरोप, ‘साहेब, कॉइनचं एवढंच आहे, धरून टाका.’ हा आकडा आम्हाला धरता येत नाही.

१ एप्रिल २०२२ पासून कॉइनच्या नफ्यावर सरळ ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के सेस. खरेदीची किंमत सोडून दुसरा कसलाही खर्च वजा होत नाही. तोटा तर कशातूनच वजा होत नाही, दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातूनही नाही, आणि पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. समजा एका कॉइनमध्ये ४०,००० रुपये मिळाले, दुसऱ्यात तेवढेच गेले. ॲप म्हणतं शून्य. कर होतो १२,४८०. शिवाय बिटकॉइन देऊन यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेला कॉइन) घेतलं, बँकेत रुपयाही आला नाही, तरी ती विक्रीच धरली जाते आणि त्या दिवशीचा रुपयातला भाव लावावा लागतो. रात्रभर अदलाबदल करणाऱ्या पोरांच्या एका फायलीला आमच्या माणसाचा अख्खा दिवस जातो, तोही कागद पूर्ण असतील तर. कॉइनच्या रिटर्नची फी वेगळी का, याचं उत्तर एवढंच.

म्हणून एक्स्चेंजवरून, म्हणजे कॉइन घेता-विकता त्या ॲपवरून, १ एप्रिल ते ३१ मार्चची पूर्ण ट्रेड हिस्ट्री एक्सेल किंवा सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून पाठवा. वापरलेल्या प्रत्येक एक्स्चेंजची, आता खातं बंद केलं असेल तरीही. मागच्या वर्षी घेऊन यंदा विकलं असेल तर त्या खरेदीचीही. बँकेचा उतारा हा याला पर्याय नाही.

‘दाखवलंच नाही तर कुणाला कळणार?’ हा प्रश्न दबक्या आवाजात येतोच. भारतीय एक्स्चेंज जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस कापतात. तो तुमच्या पॅनवर २६एएस या आयकर खात्याच्या उताऱ्यात दिसतो, म्हणजे आयकर खात्याला तुमच्याआधी ठाऊक असतं.

कॉइन म्हणजे गुप्त पैसा, ही समजूतच मुळात उलटी आहे. बिटकॉइनची वही ३ जानेवारी २००९ पासूनचा प्रत्येक व्यवहार जगासमोर उघडी ठेवते. नाव नसतं, अक्षर-आकड्यांचा एक पत्ता असतो, आणि केवायसी केलेल्या एक्स्चेंजवर त्या पत्त्याला नाव चिकटतं. २०१६ साली बिटफिनेक्स या एक्स्चेंजवरून चोरलेले कॉइन याच वहीवरून माग काढत अमेरिकी तपास यंत्रणांनी २०२२ मध्ये गाठले आणि ९४,००० हून जास्त बिटकॉइन जप्त केले. मोनेरोसारखे कॉइन व्यवहार झाकतात, हे खरं. पण त्याने विट्याच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी येत नाही.

जोखीम वेगळीच. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून सुमारे २,००० कोटी रुपयांचे कॉइन चोरीला गेले आणि ग्राहकांचे पैसे कित्येक महिने अडकले. टेलिग्रामवर जादा भाव देणाऱ्याला यूएसडीटी विकू नका. तुमच्या खात्यात येणारे पैसे बऱ्याचदा फसवल्या गेलेल्या तिसऱ्याच माणसाचे असतात. तो १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो आणि गोठतं तुमचं खातं. दुकानाचं करंट खातं असेल तर पगार, भाडं, सगळंच थांबतं.

आता खासगीपणाबद्दल, कारण ती इच्छा आम्हाला गैर वाटत नाही. कोणत्या डॉक्टरला पैसे दिले, कुणाला उसने दिले, हे उतारा उघडणाऱ्या प्रत्येकाला दिसावं असं कुणाला वाटेल? अशा पैशाचा विचार बिटकॉइनच्या बराच आधीचा आहे. १९८२ मध्ये डेव्हिड चॉम या संशोधकाने बँकेने खरेपणाची मोहोर उमटवलेलं, पण कुणी कुठे खर्चलं हे बँकेलाही जुळवता न येणारं डिजिटल नाणं कसं काढता येईल ते दाखवलं. त्यांची कंपनी १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली. कल्पना मात्र चोख होती, आणि त्यात भाव चढण्याची वाट बघत बसायची गरज नव्हती.

इतकं खासगी आज आपल्या हातात नाही. थोडं आहे. यूपीआय लाइटने (यूपीआय ॲपमधलं छोट्या रकमांचं पाकीट) १,००० रुपयांपर्यंतची खरेदी केली तर बँकेच्या उताऱ्यात फक्त त्या पाकिटात पैसे भरल्याची ओळ येते, चहा-भेळीची यादी नाही. मोबाईल नंबर असलेला यूपीआय आयडी बदलून दुसरा घेता येतो. अनोळखी माणसाकडून पैसे घेणाऱ्या बायकामुलींनी तर तो बदलावाच. रिझर्व्ह बँकेच्या ई-रुपयाची (डिजिटल रुपयाची) सामान्य ग्राहकांसाठीची चाचणी १ डिसेंबर २०२२ ला सुरू झाली. त्याचा भाव रुपयाएवढाच राहतो. बँकेपासून यातलं काहीच लपत नाही, हे ध्यानात ठेवा. रोख नोट अजून या सगळ्यांच्या पुढे आहे.

आमची फी कॉइनमध्ये घेत नाही. रोख किंवा यूपीआय चालतं, पावती दोन्हींची मिळते. कोणता कॉइन घ्यावा हे विचारू नका, ते आम्ही सांगत नाही. घेण्याआधी कर किती बसेल हे विचारायला या, नेहमीच्या ग्राहकांना त्याचे पैसे लावत नाही. पूर्ण हिस्ट्री मेअखेर पाठवणाऱ्यांची फाइल आधी हातात घेतो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात स्क्रीनशॉट घेऊन आलेल्यांना मात्र रांगेत थांबावं लागेल.