रिपॉझिटरीचे नामांतर

गिटहब, गिटलॅब यांसारख्या होस्टिंग सेवेवर ठेवलेल्या कोडच्या रिपॉझिटरीचे (फायली आणि त्यांच्या बदलांचा इतिहास यांच्या साठ्याचे) नाव आणि बहुधा त्यासोबत तिचा पत्ताही बदलणे, याला रिपॉझिटरीचे नामांतर म्हणतात. सेटिंग्जमध्ये नवे नाव टाकले की काम झाले. घोळ होतो तो जुना पत्ता जिथे जिथे लिहून ठेवलेला असतो तिथे.

खुद्द गिटला, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीला, रिपॉझिटरीचे नाव ठाऊकच नसते. कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) हॅश, म्हणजे त्याची ओळख सांगणारी अंक-अक्षरांची खूण, फायली, लेखक, वेळ, संदेश आणि आधीचे कमिट यांवरून निघतो, त्यामुळे नामांतराने इतिहासाला धक्का लागत नाही. क्लोन केलेल्या, म्हणजे संगणकावर उतरवून घेतलेल्या, प्रतींत मात्र रिमोटचा (होस्टिंग सेवेवरील रिपॉझिटरीचा) जुना यूआरएल तसाच राहतो. गिटहब २०१३ पासून जुना पत्ता नव्याकडे वळवते (रीडायरेक्ट). पुल-पुश (कोड खाली घेणे आणि वर पाठवणे) चालत राहते आणि कुणाला काही कळतही नाही. हीच सोय पुढे नडते. नवा पत्ता नोंदवणारी 'गिट रिमोट सेट-यूआरएल' ही आज्ञा चालवायची राहून जाते, आणि त्याच खात्यात जुन्या नावाने नवी रिपॉझिटरी काढली की रीडायरेक्ट तुटतो.

काही ठिकाणी रीडायरेक्ट मुळातच लागू नाही. गिटहब पेजेस या वेबसाइट-सेवेवरील प्रकल्पाच्या साइटचा पत्ता वळवला जात नाही. रिपॉझिटरीत इतरांनी वापरलेली, स्वयंचलित कामाचा तयार भाग असलेली अ‍ॅक्शन असेल, तर त्यांचे वर्कफ्लो (स्वयंचलित कामांच्या साखळ्या) 'रिपॉझिटरी सापडली नाही' असे सांगून थांबतात. गिटलॅबमध्ये प्रकल्पाचे नाव आणि पाथ (यूआरएलमधला भाग) वेगळे असतात. नुसते नाव बदलून यूआरएल बदलत नाही.

गो या प्रोग्रामिंग भाषेत त्रास अधिक, कारण तिथे पत्ता हेच सहसा मॉड्यूलचे (इतरांना वापरता येणाऱ्या कोडच्या संचाचे) नाव असते. लॉगरस या लोकप्रिय लॉगिंग लायब्ररीच्या खातेनावातले पहिले इंग्रजी अक्षर २०१७ मध्ये मोठ्याचे लहान झाले. गिटहबच्या लेखी दोन्ही पत्ते एकच, गोच्या लेखी वेगळे. एकाच बिल्डमध्ये (कोडपासून चालता प्रोग्राम बनवताना) काही डिपेंडन्सी, म्हणजे प्रकल्प ज्यांवर अवलंबून असतो त्या लायब्ररी, जुने रूप मागू लागल्या, काही नवे, आणि असंख्य प्रकल्पांचे बिल्ड अडले. एवढ्याशा अक्षराने!

खातेनावच बदलले तर धोका सुरक्षेचा असतो. सुटलेले नाव दुसरा कुणी घेऊन त्यात त्याच नावाची रिपॉझिटरी उघडू शकतो. मग जुन्या पत्त्यावरून कोड ओढणाऱ्यांच्या हाती त्याचा कोड पडतो. याला रेपोजॅकिंग म्हणतात. त्यावर गिटहबने २०१८ मध्ये नियम केला: नामांतराआधीच्या आठवड्यात १०० हून अधिक क्लोन झालेल्या सार्वजनिक रिपॉझिटरीचे खातेनावासह जुने नाव कायमचे बाद होते. कमी क्लोन होणाऱ्या, पण इतरांच्या डिपेंडन्सीत खोल रुतलेल्या रिपॉझिटरी या कुंपणाबाहेरच राहतात.