आयर्लंडचा नंबर एक खेळ रग्बी? छे!

सहा युरोपीय देशांची रग्बी स्पर्धा ‘सिक्स नेशन्स’ आली की वाटतं, अख्खा आयर्लंड रग्बीवेडा आहे. गाजावाजाच तेवढा! पण गर्दी बघा. डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग (काठीने चेंडू मारायचा खेळ) या अस्सल आयरिश खेळांच्या अंतिम सामन्यांना ८२ हजारांवर प्रेक्षक येतात. रग्बीच्या अविवा स्टेडियमची क्षमताच ५१,७०० च्या आसपास. आणि गेलिकचे खेळाडू हौशी, पगार नाही. चुरस काउंटी-काउंटीत (म्हणजे जिल्ह्या-जिल्ह्यांत), त्यामुळे परदेशी कॅमेरे तिकडे फारसे फिरकत नाहीत, इतकंच.

रग्बी आणि गेलिक खेळांचं हाडवैर? तेही आता जुनं झालं. गेलिक खेळ चालवणाऱ्या संघटनेच्या सदस्यांना रग्बी बघायलाही बंदी होती, ती १९७१ मध्ये उठली. २००७ मध्ये तर गेलिकच्या क्रोक पार्कवरच आयर्लंडने इंग्लंडला रग्बीत ४३-१३ असं धुतलं. रग्बीपटू रॉब कर्नी तर आधी लाउथ काउंटीकडून कनिष्ठ गटात गेलिक फुटबॉल खेळलेला.