मार्गदर्शक श्वानपिल्लांचे संगोपन

अंध व्यक्तीला वाट दाखवणाऱ्या कुत्र्याचे बालपण श्वानगृहाऐवजी एखाद्या स्वयंसेवक कुटुंबात जावे, यासाठी रूढ झालेली पद्धत. पिल्लू साधारण सात-आठ आठवड्यांचे असताना घरी येते आणि वर्ष-सव्वा वर्षाचे झाले की प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेकडे परत जाते. ब्रिटनमध्ये अशा स्वयंसेवकाला पूर्वी ‘पपी वॉकर’ म्हणत, आता ‘पपी रेझर’ म्हणतात.

मार्गदर्शक कुत्र्यांची शाळा १९१६ मध्ये जर्मनीत ओल्डेनबुर्ग येथे, युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी निघाली. अमेरिकेतील ‘द सीइंग आय’ १९२९ मधली. या संस्थेने १९४२ पासून न्यू जर्सीतील ‘फोर-एच’ या मुलामुलींच्या मंडळांकडे पिल्ले सोपवायला सुरुवात केली. गुरे-कोंबड्या सांभाळायची सवय असलेल्या शेतकरी घरांतली ही मुले होती, त्यामुळे निवड शहाणपणाची ठरली. ब्रिटनमध्ये ही योजना १९५६ मध्ये आली.

घरच का, याचे उत्तर कॅलिफोर्नियातील सान राफाएल येथील मार्गदर्शक कुत्र्यांच्या संस्थेत क्लॅरन्स फाफेनबर्गर यांनी केलेल्या कामातून मिळाले. बाराव्या आठवड्यानंतरही श्वानगृहातच राहिलेली पिल्ले पुढच्या प्रशिक्षणात जास्त प्रमाणात नापास होतात, असे त्यांना आढळले. माणसांत वावरण्याची सवय लागायचे वय त्याआधीचेच असते. ते हुकले की नंतर भरून काढणे अवघड जाते.

वाट दाखवायला कुटुंब शिकवते, हा सर्रास होणारा गैरसमज. ते काम नंतर प्रशिक्षक करतात. घरी शिकायचे ते साधेच: सांगितल्यावर आणि सांगितल्या जागीच शी-शू करणे, पाहुण्यांच्या अंगावर न झेपावणे, जिना, लिफ्ट, बाजार, आगगाडी यांना न बिचकणे. काही नियम मात्र कुत्री पाळलेल्यांनाही चकवतात. पिल्लासाठी चेंडू फेकायचा नाही, कारण उद्या रस्त्यात घरंगळलेल्या चेंडूमागे ते धावले तर पट्टा धरणारा माणूसही ओढला जाईल. ताटातला घास द्यायचा नाही. एरवी कुत्र्याने मालकाच्या पायाशी चालावे म्हणून आपण धडपडतो. इथे त्याने किंचित पुढेच चालायचे असते. कुत्र्यांचा अनुभव असलेल्यांनाच हे जड जाते.

ब्रिटनमध्ये खाणे आणि पशुवैद्याचा खर्च संस्था देते, अमेरिकेत संस्थेनुसार फरक पडतो. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, त्यांचा संकर आणि जर्मन शेफर्ड या जाती मुख्यतः वापरतात. सगळीच पिल्ले उत्तीर्ण होत नाहीत; जे गळते ते घरी ठेवण्याविषयी बहुधा त्याच कुटुंबाला आधी विचारतात.

खरी कसोटी परत देण्याची. सान राफाएलच्या संस्थेत प्रशिक्षणाअखेरच्या समारंभात सांभाळणारे स्वतः कुत्रा नव्या मालकाच्या हाती देतात. ‘सीइंग आय’ची रीत उलट आहे: मालक कोण हे कुटुंबाला सांगत नाहीत. त्याऐवजी संस्था आहे त्या न्यू जर्सीतील मॉरिसटाउनच्या रस्त्यांवर कुत्रा प्रशिक्षकासोबत काम करत असताना त्यांना मागून, बऱ्याच अंतरावरून चालू देतात. हाक मारायची मनाई असते. आपल्या माणसांचा वास लागला तर कुत्र्याचे लक्ष विचलित होईल, म्हणून जवळही जायचे नाही.